१५० सीसी एटीव्हीला जेट किट बसवायचंय, अर्ध्या रेसला गाडी बसते, कुठून सुरू करू?

जावळीकर_माळ

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यात मेढ्याच्या वरच्या अंगाला आमची शेती आहे, तिथे छोटं कृषी पर्यटन चालवतो. पोरांना फिरवायला दोन एटीव्ही, म्हणजे जाड चाकांच्या चारचाकी माळगाड्या, आहेत, दोन्ही चायनीज १५० सीसी ऑटोमॅटिक, बेल्टवाल्या, सांगलीकडून सेकंडहँड घेतल्या. ट्रॅक आमच्याच माळावर आखलाय, कासच्या पठारावर वगैरे गाडी नेत नाही आणि कुणी नेऊही नये, पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि तिथल्या फुलांवर चाक गेलं की ती जागा लवकर भरून येत नाही. असो.

प्रॉब्लेम असा. एका गाडीचा एअर फिल्टरचा डबा आधीच्या मालकाकडेच फुटला होता म्हणून त्याने गोल उघडा फिल्टर डायरेक्ट कार्ब्युरेटरला लावलाय, आणि सायलेन्सरही फ्री फ्लोचा टाकलाय. आवाज जोरात पण ताकद नाही. सकाळी स्टार्ट एका सेल्फला, आयडलिंगही ठीक, पण अंगठ्याने अर्धी रेस दिली की गपकन बसते, जसं कुणी मागून धरलंय, मग पूर्ण दाबली की कशीबशी उचलते पण चढाला दम धरत नाही. उतारावर रेस सोडली की सायलेन्सर फटाके मारतो. चार फेऱ्यांत इंजिन एवढं तापतं की जवळ पाय ठेववत नाही. प्लग काढून बघितला तर पांढराफटक.

गावातला मेकॅनिक म्हणाला मेन जेटला, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकाच्या पितळी तुकड्याला, बारीक ड्रिल मारून भोक मोठं करू, अर्ध्या तासाचं काम. मला ते पटलं नाही म्हणून ऑनलाइन जेट किट मागवलं. त्यात १०५ पासून १२० पर्यंत मेन जेट, तीन पायलट जेट ३५, ३८, ४० आणि खाचावाली एक निडल आहे. सोबतचा कागद वाचता येत नाही, चित्रंही धूसर. गाडीतल्या जेटवर मोबाईल झूम करून बघितलं तर १०५ दिसतंय.

दुसरी गाडी कंपनी फिटिंगवर आहे, डबा सायलेन्सर सगळं जुनंच, ती मस्त पळते. दिवाळीच्या सुट्टीत माणसं येणार, त्याआधी ही नीट व्हायला हवी. कुठला जेट टाकू आणि आधी काय उघडू ते सांगा. कार्ब्युरेटर मी कधी उघडलेला नाही, पण पाने धरायची सवय आहे, पंपाची मोटार वगैरे घरीच खोलतो.

मिरज_डर्ट

दादा तुम्ही उंचीवर आहात ना, उंचीवर हवा विरळ असते त्यामुळे गाडी रिच होते, पेट्रोल जास्त हवा कमी. सांगलीला सेट केलेली गाडी मेढ्यावर नेली म्हणजे जेट लहान करायचा. १०५ च्या खालचा बघा, १०२ किंवा १००. महाबळेश्वरला जाताना माझ्या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या बाईकचा पिकअप असाच पडायचा.

मिस्त्री_कराड

थांबा थांबा, जेट लहान करू नका, इंजिन तापून जाम होईल.

मिरजकर, तुमचं तत्त्व बरोबर हाय पण इथं लागू पडत नाही. हिशोब बघा. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर, यांचा माळ धरा हजार-अकराशे. पाचशे मीटर वर गेलं की हवेची घनता पाचेक टक्के कमी होते, आणि जेटच्या भोकात तो फरक फार तर एका नंबराचा. उलट उघडा फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर लावला की इंजिन कितीतरी जास्त हवा ओढतंय, आणि जेट तोच जुना १०५. त्यात आता पंपावर ई२० मिळतं, म्हंजी वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, त्यातल्या इथेनॉलला जळायला साध्या पेट्रोलपेक्षा हवा कमी लागते, म्हणजे त्याच जेटवर गाडी आणखी थोडी लीन. उंची एकीकडं ओढती, बाकी तीन गोष्टी दुसरीकडं. प्लग पांढरा, इंजिन तापतंय, रेस सोडल्यावर फटाके, अर्ध्यात बसणं, ही सगळी लीनची, म्हणजे पेट्रोल कमी पडण्याची लक्षणं. रिच असती तर प्लग काजळीनं काळा झाला असता, धूर काळा आला असता आणि गाडी घुबघुब करत चालली असती.

आता ड्रिलचं. जावळीकर, तुम्ही नको म्हणालात ते लई बरं केलंत. ११० नंबरचा जेट म्हंजी साधारण १.१० मिलिमीटरचं भोक. एक नंबर वर-खाली म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. हातातल्या ड्रिलनं तो कुणाला साधतो सांगा? भोक वाकडं होतं, कडेला बारीक कंगोरा राहतो, आणि नंतर त्या जेटवरच्या नंबराला काही अर्थ उरत नाही. तसंच जेट साफ करायला तार घालू नका कुणी, स्टीलची तार पितळ खाते. कार्ब क्लीनर मारा, हवा मारा, उजेडाकडं धरून आरपार गोल दिसतोय का बघा, बास.

पण जेटला हात लावायच्या आधी दुसरं बघा. माझ्याकडं जेटिंगसाठी येणाऱ्या गाड्यांत दोष भलतीकडंच असतो असं कितीदा होतं. कार्ब्युरेटर आणि इंजिनच्या मधे काळा रबरी बूट असतो, इनटेकचा. तो खालच्या बाजूनं चिरतो, वरनं दिसत नाही. तिथून गाडी हवा खाते आणि तुम्ही कितीही मोठा जेट टाका, ती चोरीची हवा चालूच राहते. गाडी चालू ठेवून बूटाभोवती स्प्रेच्या बाटलीनं नुसतं पाणी मारा, आयडलिंग बदललं की समजा तिथंच चीर. काही जण कार्ब क्लीनर मारून बघतात, तापलेल्या इंजिनावर मी ते करत नाही, पेटतं.

सायलेन्सर बदललाय ना, तर हेडच्या तोंडाला गॅस्केट नवी घातली का बघा. तिथून हवा आत गेली तरी फटाके मारतो. आणि बेल्टवाली गाडी हाय म्हणून बेल्ट आणि रोलर पण बघून घ्या, झिजले असले तरी गाडी चढाला दम सोडते आणि आपण उगाच कार्ब्युरेटरला दोष देतो. तुमच्याकडं दुसरी गाडी चांगली चालती ना, तीच तुमची फूटपट्टी. तिचा बेल्ट, तिचा प्लग, तिचा आयडलिंगचा आवाज, सगळं शेजारी ठेवून बघा.

हे झालं की सांगा, मग जेटचं बघू. एकावेळी एकच गोष्ट बदलायची, हे कागदावर लिहून गाडीपाशी लावा.

मिरज_डर्ट

काका बरोबर आहे तुमचं, उघड्या फिल्टरकडे माझं लक्षच गेलं नाही. जावळीकर दादा माझा आधीचा सल्ला सोडा.

एक सांगतो जे मी शिकलोय. गाडी कुठे बसते ते नेमकं कळायला रेसच्या लिव्हरजवळ पांढरी कागदी चिकटपट्टी लावायची आणि बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण अशा पाच रेघा मारायच्या. कारण कार्ब्युरेटरचा प्रत्येक भाग वेगळ्या रेसवर काम करतो. सुरुवातीच्या पाव रेसपर्यंत पायलट जेट आणि मिक्स्चरचा स्क्रू, पावपासून पाऊणपर्यंत निडल, पाऊणच्या पुढे मेन जेट. तुमची गाडी अर्ध्यावर बसते म्हणजे पहिला संशय निडलवर, आणि पूर्ण रेसला पण दम नाही म्हणजे मेन जेटही लहान आहे. बरेच जण नुसता मेन जेट बदलतात आणि म्हणतात काही फरक नाही, कारण अर्ध्या रेसला मेन जेटचं फारसं काही चालतच नाही.

जावळीकर_माळ

मिस्त्रीकाका तुमचे पाय धरायला हवेत. पाणी मारलं आणि खालच्या बाजूला मारल्याबरोबर आयडलिंग खाली वर झालं. बूट काढून उलटा केला, वाकवला, तर बोटाच्या पेराएवढी चीर, वाकवल्याशिवाय दिसतच नव्हती. नवीन बूट सातारला मिळाला, दोन दुकानं फिरावी लागली. हेडची गॅस्केटही बदलली, जुनी तर चेपून कागदासारखी झाली होती. बेल्ट दुसऱ्या गाडीच्या शेजारी ठेवून बघितला, रुंदीत फरक नाही.

आता फटाके खूप कमी झालेत, आयडलिंग एकदम शांत. पण अर्ध्या रेसला अजून बसते, आधीइतकी नाही पण बसते. म्हणजे आता खरंच जेटचंच काम आहे ना?

पेट्रोल बंद करून, बॅटरीची वायर काढून कार्ब्युरेटर खाली घेतला. कार्ब्युरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणारी वाटी असते, तिच्या खालचा ड्रेन स्क्रू सोडून आतलं पेट्रोल स्टीलच्या भांड्यात काढलं. वाटीचे तीन स्क्रू होते, त्यातल्या एकाचं डोकं घसरलं, आमच्याकडचा स्टार स्क्रूड्रायव्हर टोकाला झिजलेला होता. शेवटी नवा आणला, वरून हातोडीने हळू टकटक केल्यावर निघाला.

आतला नजारा मी पहिल्यांदाच बघितला. मधे मोठा पितळी मेन जेट, त्याच्या बाजूला खोल भोकात पायलट जेट, वाटीच्या तळाला बारीक तांबडी माती बसलेली, पिठासारखी. ती माती आत कुठून आली असेल?

आणि निडलच्या खाचांचं कळेना. किटच्या निडलला पाच खाचा आहेत, क्लिप कुठल्या खाचेत लावायची? वर लावली तर जास्त पेट्रोल की कमी? गाडीतल्या जुन्या निडलला खाचाच नाहीत, एकच जागा आहे.

मिस्त्री_कराड

आता आलात मुद्द्यावर.

निडलचं डोक्यात बसवून घ्या, इथं निम्मी माणसं उलटं करतात. निडल खाली निमुळती असते आणि ती स्लाइडसोबत, म्हंजी कार्ब्युरेटरमधल्या वर-खाली सरकणाऱ्या भागासोबत, वर गेली की भोक मोकळं होऊन पेट्रोल वर येतं. क्लिप हा तिचा टेकू. क्लिप खालच्या खाचेत लावली की निडल वर उचलली जाते, म्हणजे पेट्रोल जास्त. क्लिप वरच्या खाचेत लावली की निडल खाली उतरते, पेट्रोल कमी. तुम्ही मधल्या, म्हणजे तिसऱ्या खाचेपासून सुरू करा. खाच मोजायची ती वरून, बोथट टोकाकडून. क्लिप बसवताना खाली पांढरं फडकं अंथरा, उडाली तर मातीत सापडत नाही.

मेन जेट एकदम १२० वर उडी मारू नका. १०५ वरून ११० लावा, बघा, मग ११२, मग ११५. पायलट ३५ काढून ३८ लावा. पायलट काढताना त्याच्या खाचेत नीट मावणाराच स्क्रूड्रायव्हर घ्या, तो खोलात असतो आणि पितळ मऊ असतं, एकदा खाच गेली की मग नवा कार्ब्युरेटरच. बसवताना पण ताकद लावायची नाही, टेकला की हलकंसं आवळायचं. आणि किटमधला जेट जुन्याच्या शेजारी उभा करून आटे, उंची, डोकं जुळतंय का बघून मगच घाला. मिकुनी आणि केईहिन या कार्ब्युरेटर बनवणाऱ्या दोन कंपन्या, दोघांचे नंबर एकमेकांशी जुळत नाहीत, नंबर सारखा दिसला म्हणून जेट सारखा नसतो.

मिक्स्चरचा स्क्रू बहुतेक पितळी टोपीखाली लपलेला असेल. टोपीला मधोमध बारीक भोक पाडून त्यात स्क्रू फिरवायचा आणि पकडीनं ओढायची. ड्रिल आत घुसू देऊ नका, लगेच खाली स्क्रूचं डोकं हाय. काढल्यावर आधी स्क्रू हळूच आत टेकेपर्यंत फिरवून किती फेरे होते ते मोजून लिहा. मग दोन फेरे बाहेर काढून सुरुवात करा. तुमच्या कार्ब्युरेटरला हा स्क्रू इंजिनच्या बाजूला हाय म्हणून बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. फिल्टरच्या बाजूला असता तर तो हवेचा स्क्रू, त्याचं सगळं उलटं.

सेटिंग इंजिन पूर्ण गरम झाल्यावरच. या गाड्यांना इलेक्ट्रिक ऑटो चोक असतो, तो सुरुवातीची काही मिनिटं जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो. थंड इंजिनवर जे सेट कराल ते गरम झाल्यावर चुकीचं निघेल.

वाटीतली माती म्हणताय ती मला बरी वाटत नाही. पेट्रोलच्या नळीत मधे बारीक फिल्टर हाय का? नसला तर आधी तो टाका. आणि तो उघडा एअर फिल्टर काढून त्याच्या रबराच्या आत बोट फिरवा, काय लागतंय बघा.

द्राक्षवाला_तासगाव

मी या विषयातला मोठा जाणकार नाही पण बोट फिरवायचं वाचलं आणि लिहावंसं वाटलं. आमच्या बागेत औषधाच्या टाक्या, क्रेट इकडून तिकडे न्यायला अशीच एटीव्ही वापरतो. दोन वर्षांपूर्वी मीही डबा काढून उघडा फिल्टर लावला होता, दुकानदार म्हणाला पॉवर वाढेल. छाटणीनंतर बागेत बारीक धूळ असते, ओळीतून गाडी गेली की मागे ढग उठतो. सहा महिन्यांत गाडी निळा धूर मारायला लागली, ऑइल प्यायला लागली. इंजिन खोललं तर सिलिंडरला उभ्या रेघा, रिंगा संपलेल्या. फिल्टरच्या आतल्या बाजूला हात लावला तर बोटाला तांबडी पावडर. त्या फिल्टरचा रबर कार्ब्युरेटरच्या तोंडावर नीट बसतच नव्हता, क्लॅम्प सैल. बोअर, पिस्टन, रिंगा सगळं नवं करावं लागलं, हंगामाच्या तोंडावर गाडी तीन आठवडे उभी.

तुमच्याकडे जावळीत तर पाऊस आमच्यापेक्षा कितीतरी जास्त. पावसात तो उघडा फिल्टर भिजला की हवा अडते आणि तेव्हा गाडी उलट रिच होते, म्हणजे उन्हाळ्यात एक सेटिंग आणि पावसाळ्यात दुसरं. मला मनापासून वाटतं की तुम्ही डबा शोधा. पर्यटकांची गाडी आहे, शर्यत लावायची नाही, ताकदीपेक्षा ती रोज बिनतक्रार सुरू झाली पाहिजे. मीही शेवटी डबाच लावला आणि आतला फोम दर पंधरा दिवसांनी धुऊन, वाळवून, ऑइल लावून घालतो.

आणखी एक, ई२० मुळे जुने रबराचे ओ-रिंग फुगतात, कार्ब्युरेटर उघडलाच आहे तर वाटीची रिंग नवी टाका. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करून ठेवा, इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि तळाला पाणी साचतं.

जावळीकर_माळ

द्राक्षवाले दादा तुमचं वाचून लगेच फिल्टर काढला. बोट फिरवलं. तांबडं. रबर आणि कार्ब्युरेटरच्या मधे एका बाजूला कार्ड जाईल एवढी फट होती. मला वाईट वाटलं खरं, दीड वर्ष ही गाडी अशीच पळवलीय. डबा शोधायला सुरुवात केलीय, सांगलीत जुने स्पेअर विकणाऱ्या एकाकडे सांगून ठेवलंय. तोपर्यंत क्लॅम्प नवा टाकून रबर घट्ट बसवलंय.

इकडे किट बसवलं. मेन ११०, पायलट ३८, निडल तिसरी खाच, स्क्रू दोन फेरे. पेट्रोलच्या नळीत फिल्टर टाकला. वाटीची रिंग नवी. सगळं बसवून गाडी चालू केली तर आयडलिंग अप्रतिम, पण पाव रेसच्या पुढे गाडी चढतच नाही! आधी अर्ध्यावर बसायची, आता पूर्ण रेस दिली तरी तेवढाच आवाज. मी काहीतरी चुकीचं बसवलंय का? निडल घालायला वरचं झाकण उघडलं होतं, दोन स्क्रूचं, त्याच्या खाली स्प्रिंग आणि काळा रबरी पडदा होता.

मिरज_डर्ट

पडदा! दादा माझी खात्री आहे तो पडदा चिमटलाय. त्या कार्ब्युरेटरमध्ये स्लाइड केबलने उचलली जात नाही, केबल फक्त खालचं फुलपाखरू उघडते. स्लाइड वर जाते ती इंजिनच्या ओढीने, पडद्याच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो म्हणून. पडदा कडेला दुमडला किंवा फाटला की ती ओढ लागतच नाही, स्लाइड खालीच राहते आणि गाडी पाव रेसवर अडकते.

झाकण उघडा. पडद्याच्या कडेला एक छोटा कान असतो, तो बॉडीतल्या खाचेत बरोबर बसला पाहिजे, आणि पूर्ण कड त्या गोल चरात बसली पाहिजे. पडदा उजेडाकडे धरून हलका ताणून बघा, टाचणीएवढं भोक असलं तरी उजेड दिसतो. बसवताना मी काय करतो, फिल्टरच्या बाजूने एक बोट घालून स्लाइड थोडी वर उचलून धरतो, मग पडदा सुरकुतत नाही, झाकण ठेवतो, दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळतो आणि मग बोट सोडतो. सोडल्यावर स्लाइड स्वतःहून सावकाश खाली आली पाहिजे, ठक्कन पडली तर कुठेतरी हवा जातेय. आणि त्या रबराला पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर लावू नका, फुगतं आणि मग चरात मावत नाही.

मिस्त्री_कराड

मिरजकर, एकदम बरोबर. जावळीकर, पडदा क्लीनरनं फुगला असला तर घाबरू नका, सावलीत रात्रभर ठेवा, बहुतेक वेळा परत आकारात येतो.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. सगळं बसवल्यावर, गाडी चालू करायच्या आधी, रेसचा लिव्हर दहा वेळा दाबून सोडा. सोडल्याबरोबर टक्कन परत आला पाहिजे. हँडल पूर्ण डावीकडं फिरवून दाबा, पूर्ण उजवीकडं फिरवून दाबा. केबलला थोडा खेळ ठेवा. मग गाडी चालू करून हँडल दोन्हीकडं फिरवा, आयडलिंग वाढता कामा नये. तुमच्याकडं लेकरं बसतात गाडीवर. कार्ब्युरेटर उतरवून बसवल्यावर केबल अडकून रेस चालूच राहिली तर काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय, बांधावरनं गाडी खाली गेलेली, माणूस वाचला ते नशीब. म्हणून पहिल्या दहा फेऱ्या तुम्ही स्वतः मारा, हेल्मेट घालून, मगच पाहुण्याला बसवा. इंजिन बंद करायचा लाल स्विच चालतोय का ते पण बघा.

जावळीकर_माळ

सगळ्यांना आधी नमस्कार, उशिरा लिहितोय कारण मधे भात काढणी होती.

पडदाच होता. कान खाचेत नव्हता, एका बाजूला कड दुमडून झाकणाखाली चिमटली होती, दाताने चावल्यासारखा वळ. फाटला नव्हता ते बरं. बोटाने स्लाइड उचलून धरायची युक्ती केली आणि बोट सोडलं तर स्लाइड अशी सावकाश खाली आली की बघत राहावं.

मग माळावर चढाची साडेतीनशे-चारशे पावलांची सरळ पट्टी आहे तिथे ट्रायल घेतल्या, घरच्याच आवारात. चिकटपट्टीवर रेघा मारल्या होत्या. ११० वर अर्ध्या रेसचं बसणं गेलं, म्हणजे निडलने काम केलं. पण पूर्ण रेसला वरच्या टोकाला अजून कोरडी वाटत होती, जोर येता येता सपाट व्हायची. ११२ लावला, थोडा फरक. ११५ लावला आणि गाडी चढावर गात गेली हो, दुसरा शब्द नाही. ११८ पण लावून बघितला, मुद्दाम, कळावं म्हणून. त्यावर वर गेल्यावर घुबघुब करायला लागली, तुम्ही म्हणालात तशी. परत ११५.

प्लग बघायला पूर्ण रेसमध्ये चढ चढून वरती तसाच स्विच बंद केला, रेस न सोडता, गाडी थांबू दिली आणि थोडा गार झाल्यावर प्लग काढला. मधल्या चिनी मातीचा रंग भाजलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा, फिकट तपकिरी. नवा प्लग घातला होता, एनजीके सी७एचएसए, गॅप ०.६ ठेवला. पहिला पांढराफटक प्लग मी जपून ठेवलाय, दोन्ही शेजारी ठेवले की कुणालाही समजतं. मेकॅनिकलाही दाखवले, त्यानेही खूप वेळ हातात धरून बघितले आणि जेटचे नंबर लिहून घेतले.

मग तासगावच्या दादांचं ऐकून डबा लावला. सांगलीतून फोन आला, तसाच जुना डबा मिळाला, एका कानाला तडा होता तो चिकटवून घेतला, फोम नवा. डबा लावल्यावर ११५ वर गाडी वरच्या टोकाला जड झाली, प्लगही काळपट. उतरत उतरत ११० वर थांबलो, क्लिप एक खाच वर घेतली म्हणजे दुसरीत, पायलट ३८ तसाच, स्क्रू पावणेदोन फेऱ्यांवर. सायलेन्सर तोच मोकळा आहे म्हणून १०५ वर परत गेलो नाही. आवाज पण डब्याने बराच मऊ झाला, गोठ्यातली जनावरं आता दचकत नाहीत, हे मला सगळ्यात बरं वाटलं.

जोर उघड्या फिल्टरवर जास्त होता का? वरच्या टोकाला किंचित होता. पण काल दिवसभर अकरा फेऱ्या झाल्या, तापली नाही, आणि संध्याकाळी डबा उघडून फोमच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं तर बोट कोरडं आणि स्वच्छ.

मिस्त्रीकाका, हँडल दोन्हीकडे फिरवून रेस तपासायचं आता आम्ही रोज सकाळी करतो, दोन्ही गाड्यांना. माझा पुतण्या करतो, त्याला सवय लागलीय, केल्याशिवाय तो चावी देत नाही.

मिस्त्री_कराड

लई झ्याक काम केलंत. थंडी पडल्यावर, डिसेंबर-जानेवारीत, सकाळची हवा घट्ट असते, तेव्हा पुन्हा एकदा प्लग काढून बघा. पांढुरका दिसला तर क्लिप परत एक खाच खाली, जेटला हात लावायचा नाही. आणि हे सगळे नंबर कुठंतरी लिहून ठेवा. पुढं कुणी गाडी खोलली तर त्याला कळलं पाहिजे आत काय हाय.

जावळीकर_माळ

लिहिलेत काका. सीट उचलली की खालच्या पत्र्यावर पांढऱ्या पेंटने: मेन ११०, पायलट ३८, निडलची क्लिप वरून दुसरी खाच, स्क्रू पावणेदोन. त्याखाली तारीख. थंडीत बदललं तर तिथेच खाली दुसरी ओळ लिहीन.